तळघरातला खोकला

मैत्रिणींनो, १८४६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातला एक अंक डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातून निघणारं बायकांचं मासिक, नाव ‘गोडीज लेडीज बुक’. आत हातानं रंगवलेली नव्या झग्यांची चित्रं, भरतकामाचे नमुने, पियानोवर वाजवायची गाणी, कविता, संसारातल्या चार हिताच्या गोष्टी. कामं आटोपल्यावर निवांत चाळावं असं सगळं. आणि त्याच अंकात एक कथा. एक माणूस आपल्या दोस्ताला गोड बोलून तळघरात नेतो, साखळीनं भिंतीला बांधतो आणि समोर दगडांची भिंत रचून त्याला जिवंत चिणून टाकतो!

कथेचं नाव ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’. कास्क म्हणजे लाकडी पिंप आणि अमोंटिलाडो ही स्पेनची एक उंची दारू. लेखक एडगर अ‍ॅलन पो. मासिकाच्या संपादक होत्या सारा हेल. नाव ओळखीचं नाही ना? पण तुमच्या-माझ्या मुलांनी बालवाडीत घोकलेलं मेरी आणि तिच्या कोकराचं इंग्रजी गाणं या बाईंचंच. १८२२ साली नवरा गेला आणि पाच मुलांची जबाबदारी एकटीवर आली. लिहून-वाचून त्यांनी संसार ओढला, मुलींच्या शिक्षणासाठी लेखणी झिजवली. अशा बाईंच्या मासिकात ही असली कथा!

मी खामगावात मुलींना इंग्रजी शिकवते. ही कथा शिकवायची वेळ आली की वर्गात दरवेळी एकच प्रश्न येतो. मागच्या बाकावरची एखादी अस्सल वऱ्हाडीत विचारतेच, की मॅडम, त्यानं मारलं काहून? त्या बिचाऱ्याचा गुन्हा काय? आणि खरंच, कथेत गुन्हा सांगितलेलाच नाही. मारणारा फक्त एवढंच म्हणतो, की त्या माणसानं दिलेले हजार त्रास मी सोसले, पण त्यानं माझा अपमान केला तेव्हा मी सूड घ्यायचं ठरवलं. कसला अपमान, कधी, कुणासमोर, काही नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी कथेतून बाहेर पडून पोच्या आयुष्यात शिरले. तिथे जे दिसलं, ते आज तुम्हाला सांगायचंय. पण आधी कथा नीट समजून घेऊ.

या प्रकारच्या कथांना गॉथिक म्हणतात. पडके वाडे, अंधारी तळघरं, भुयारं, जुनी पापं. ज्यांची शाळेची वर्षं नारायण धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या पुस्तकांत गेली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात तर गावोगावी जुन्या गढ्या आहेत. अशा एखाद्या पडक्या वाड्याच्या तळघरात उतरा. पायऱ्या ओल्या, भिंतींना पांढरा लोणा धरलेला, श्वास कोंडणारी हवा. पोची कथा अशाच ठिकाणी घडते, फक्त गाव इटलीतलं आहे आणि तळघरात दारूच्या पिंपांशेजारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूर्वजांची हाडं रचलेली आहेत.

दिवस कार्निव्हलचे. म्हणजे आपल्या धुळवडीसारखे, सगळा गाव सोंगं घेऊन रस्त्यावर. मारणाऱ्याचं नाव मॉन्ट्रेसॉर, मरणाऱ्याचं फॉर्च्युनाटो. फॉर्च्युनाटोनं विदूषकाचं सोंग घेतलंय, डोक्यावर घुंगरांची टोकदार टोपी आहे आणि पोटात दारू आहे. आपल्याइतकी दारूची पारख कुणालाच नाही, हा त्याचा गर्व. मॉन्ट्रेसॉर त्याला म्हणतो, की अमोंटिलाडोचं पिंप घेतलंय खरं, पण अस्सल की नक्कल ते कळत नाही. तू कामात दिसतोस, जाऊ दे, मी दुसऱ्या कुणाला दाखवतो. झालं! गर्वावर बोट ठेवलं की माणूस आपल्या पायानं चालत येतो. दोघं तळघरात उतरतात आणि वर परत येतो एकच.

आता यातली खरी गंमत, किंवा खरी भीती म्हणा, आहे ती उपरोधात. इंग्रजीत याला आयरनी म्हणतात. मुलींना हा शब्द कळत नाही असं इंग्रजीचे शिक्षक म्हणतात, पण मला ते पटत नाही. दोन तास उशिरा आलेल्या सुनेला सासू म्हणते, आलात का बाई, फार लवकर आलात, तेव्हा सुनेला आयरनी बरोब्बर कळते! बोलायचं एक, अर्थ दुसरा. मात्र पोच्या कथेत तो दुसरा अर्थ फक्त बोलणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कळतो. ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याला कळत नाही, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

बघा ना. फॉर्च्युनाटो या नावाचा अर्थच नशीबवान! मॉन्ट्रेसॉर घरच्या नोकरांना बजावतो, की मी सकाळपर्यंत येणार नाही, घर सोडून कुठे जाऊ नका. मालकाची पाठ वळताच सगळे जत्रेला पळणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तळघरात फॉर्च्युनाटो तिथे पुरलेल्या मृतांच्या नावानं प्याला उचलतो, आणि मॉन्ट्रेसॉर त्याच्या दीर्घायुष्यासाठी! पुढे फॉर्च्युनाटो हातानं एक विचित्र खूण करतो. ती फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाची खूण असते. इंग्रजीत मेसन म्हणजे गवंडी. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, हो, मीही मेसन आहे, आणि पुरावा म्हणून झग्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. फॉर्च्युनाटोला ती थट्टा वाटते. आपल्याकडे थापीला करणीही म्हणतात. करणी या शब्दाचा दुसरा अर्थ आठवला की मराठी वाचणारीला ही जागा इंग्रजी वाचणारीपेक्षाही जास्त बोचते.

आणि सगळ्यात मोठा उपरोध खोकल्याचा. तळघरातल्या लोण्यानं आणि ओलीनं फॉर्च्युनाटोला खोकल्याची उबळ येते. बराच वेळ बोलताच येत नाही. मॉन्ट्रेसॉर काळजीनं म्हणतो, चल, परत जाऊ, तुझी तब्येत मोलाची आहे. फॉर्च्युनाटो म्हणतो, छे, खोकल्यानं कुणी मरतं का! मॉन्ट्रेसॉरही लगेच मान डोलावतो. खरंय, खोकल्यानं तू मरणार नाहीस.

इथे मी दरवेळी थांबते. कारण ही कथा छापून आली तेव्हा लिहिणाऱ्याच्या घरात खरोखरच कुणीतरी खोकत होतं.

आता पोची हकीकत ऐका. जन्म १९ जानेवारी १८०९, बॉस्टन. आई एलिझाबेथ नाटकातली नटी, वडीलही नट. वडील लवकरच घर सोडून गेले. तीन लेकरं घेऊन आई गावोगाव नाटकं करत राहिली आणि डिसेंबर १८११ मध्ये रिचमंडला गेली. वय अवघं २४. आजार क्षयाचा असावा असं मानतात. एडगर तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. तिन्ही भावंडं तीन घरी वाटली गेली.

एडगरला नेलं जॉन अ‍ॅलन नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं. म्हणजे खरं तर त्याच्या बायकोनं, फ्रान्सेसनं. तिला मूल नव्हतं. तिनं जीव लावला, पण नवऱ्यानं कायद्यानं दत्तक काही घेतलं नाही. घरात वाढवलेला, पण घरचा नाही! असं लेकरू आपण नात्यागोत्यात पाहिलेलं असतं. ताटात सगळं असतं, पण कुणी कधी हात धरून उठवेल याचा नेम नसतो. अ‍ॅलन मूळचा स्कॉटलंडचा. कथेतल्या मॉन्ट्रेसॉर घराण्याचं जे ब्रीदवाक्य आहे, की आमच्या वाटेला जाईल त्याला शिक्षा होईलच, ते स्कॉटलंडच्या राजघराण्याचंच जुनं ब्रीद. पोनं ते कुठून उचललं हे त्यानं सांगितलेलं नाही, पण हा योगायोग मला तरी साधा वाटत नाही.

१८२६ साली पो विद्यापीठात गेला. अ‍ॅलननं पैसे पुरेसे दिले नाहीत म्हणून, की उडवण्याची हौस म्हणून, पण पोरगा जुगारात बुडाला आणि शिक्षण सुटलं. रिचमंडला एल्मायरा नावाची मुलगी त्याची वाट बघत होती. तिच्या वडिलांनी याची पत्रं तिच्या हाती पडूच दिली नाहीत. तिचं लग्न दुसरीकडे लागलं. पो नाव बदलून सैन्यात शिपाई झाला. फेब्रुवारी १८२९ मध्ये फ्रान्सेस गेली. तो घरी पोहोचला तेव्हा तिला पुरलेलं होतं. १८३४ साली अ‍ॅलन वारला, गडगंज इस्टेट ठेवून. मृत्युपत्रात एडगरचं नाव नव्हतं.

मग त्याला आसरा दिला आत्यानं. मारिया क्लेम, वडिलांची बहीण, विधवा. शिवणकाम करून पोट भरणारी. ती आणि तिची लेक व्हर्जिनिया. या घरात पोला पहिल्यांदा आपलं माणूस मिळालं. आत्याला तो लाडानं मडी म्हणायचा आणि व्हर्जिनियाला सिसी. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, यानं आत्याची केली. १६ मे १८३६ रोजी लग्न झालं तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि ती १३ वर्षांची! लग्नाच्या कागदावर तिचं वय २१ लिहिलं. आपल्या पणज्यांची लग्नं याहून लहान वयात झाली हे खरं, पण म्हणून हे गोड मानायचं कारण नाही. वय खोटं लिहावं लागलं, म्हणजे ते बरं दिसत नाही हे त्यांनाही कळत होतं. एवढं मात्र ज्यांनी ज्यांनी ते घर पाहिलं त्यांनी लिहून ठेवलंय, की त्या दोघांचा एकमेकांवर जीव होता.

फिलाडेल्फियात पो मासिकांचा संपादक झाला. दिवसा दुसऱ्यांचं लिखाण तपासायचं, रात्री आपलं लिहायचं. १८४१ साली त्यानं एक हत्येची गोष्ट लिहिली, जिला आज पहिली गुप्तहेरकथा म्हणतात. शेरलॉक होम्सच्या कितीतरी आधीची. नाव होत होतं, पैसा येत नव्हता. आणि जानेवारी १८४२ मध्ये एका संध्याकाळी व्हर्जिनिया पियानोवर गात असताना तिच्या तोंडातून रक्त आलं. आईला नेणारा आजार बायकोला भेटायला आला होता.

क्षयाचा जंतू सापडला १८८२ साली आणि औषधं आली त्याच्याही साठ वर्षांनी. तेव्हा हातात काय? हवापालट, दूध आणि देव. पाच वर्षं ती कधी बरी, कधी वाईट. जरा गालावर लाली आली की घरात दिवाळी, पुन्हा रक्त पडलं की सुतक. आजारी माणसाच्या उशाशी ज्यांनी वर्षं काढलीत त्यांना हे कळेल. ही आशाच माणसाला जास्त पोखरते. पो पीत होताच, तो आणखी प्यायला लागला. त्याला थोडीही दारू सोसायची नाही आणि सोडवायचीही नाही.

जानेवारी १८४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची कावळ्यावरची कविता छापून आली आणि पो रातोरात प्रसिद्ध झाला. बैठकांना बोलावणी येऊ लागली. कवयित्रींशी ओळखी झाल्या. फ्रान्सेस ऑसगुड नावाच्या एका विवाहितेशी छापील कवितांतून उत्तर-प्रत्युत्तर सुरू झालं. दुसरी एक लेखिका एलिझाबेथ एलेट. तिनं ऑसगुडचं पत्र पोच्या घरी पाहिलं आणि बोभाटा झाला. कोणाची पत्रं कोणाकडे, कोणी परत मागितली, कोणी दिली नाहीत, नुसता चघळा! निनावी पत्रं घरी येऊ लागली. ती वाचत होती कोण? खोकणारी व्हर्जिनिया.

१४ फेब्रुवारी १८४६ रोजी तिनं नवऱ्यासाठी एक कविता लिहिली. ओळींची पहिली अक्षरं जुळवली की एडगर अ‍ॅलन पो हे नाव तयार होतं. आपण उखाण्यात नाव घेतो ना, अगदी तस्सं! त्यात तिनं मागितलं काय, तर या लोकांच्या जिभांपासून दूर एक वेलींनी झाकलेली झोपडी आणि दोघांचं प्रेम, म्हणजे माझी फुप्फुसं बरी होतील. तेवीस वर्षांच्या मुलीचं मागणं. झोपडी तिला मिळाली. त्याच वर्षी शहराबाहेर फोर्डहॅम नावाच्या खेड्यात त्यांनी एक छोटं लाकडी घर भाड्यानं घेतलं.

जिभा मात्र थांबल्या नाहीत. एलेटच्या भावानं धमकी दिली, तेव्हा पो पिस्तूल मागायला थॉमस डन इंग्लिश नावाच्या ओळखीच्या लेखकाकडे गेला. त्यानं दिलं नाही, वर तुझ्याकडे पत्रं नव्हतीच असं हिणवलं. मारामारी झाली. मग पोनं गोडीच्याच मासिकात न्यूयॉर्कच्या लेखकांवर लेखमाला लिहिली आणि इंग्लिशची सालटी काढली. इंग्लिशनं जून १८४६ मध्ये ‘मिरर’ या वर्तमानपत्रात उत्तर दिलं. पो लबाड आहे, खोट्या बहाण्यानं पैसे घेतो, कागदपत्रांत बनावट करतो. पोनं वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. तिकडे इंग्लिशनं एका कादंबरीत दारुड्या लेखकाचं पात्र घालून पोची टर उडवली. सगळं गाव हसत होतं.

आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ही कथा आली. अपमान झालेला एक माणूस आणि त्यानं थंड डोक्यानं घेतलेला सूड. ही इंग्लिशच्या कादंबरीला दिलेली चपराक आहे असं काही अभ्यासक मानतात. तळघर, खुणा करणारी गुप्त मंडळं, यांतलं बरंच इंग्लिशच्या कादंबरीशी जुळतं म्हणे.

आता मागच्या बाकावरच्या मुलीला उत्तर देता येतं. कथेत अपमान सांगितला नाही, कारण अपमानाचा हिशोब दुसऱ्याला सांगायला गेलं की तो लहान दिसतो. पत्र कोणाचं, पिस्तूल दिलं की नाही, कोण काय बोललं. सांगून बघा, ऐकणारा म्हणेल, एवढंच? पण ज्याच्या छातीत ते रुतलेलं असतं त्याच्यासाठी ते हजार असतात. आपल्यातल्या कितीजणींनी लग्नात मिळालेल्या साडीवरून किंवा पंगतीत न वाढलेल्या एका पोळीवरून वीस-वीस वर्षं अबोला धरलाय! वरवर सगळं गोड. सणाला बोलावणं, हळदीकुंकू, हसणं. मॉन्ट्रेसॉरही शेवटपर्यंत हसतोच आहे.

पण फोर्डहॅमच्या घरातलं खरं चित्र वेगळं होतं. त्या शरद ऋतूत मेरी गोव्ह नावाची एक लेखिका त्यांच्याकडे गेली होती. तिनं लिहून ठेवलंय. व्हर्जिनिया गवताच्या गादीवर पडलेली. थंडीनं कुडकुडतेय. अंगावर पुरेसं पांघरूण नाही, तर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट. छातीवर ऊब द्यायला घरातली मांजर. नवरा हात चोळतोय, आई पाय. मडी आत्या शेतांच्या कडेनं रानभाजी खुडून आणायची आणि तीच शिजवायची असं सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात बाया तरोटा खुडतात ना, तसं. मेरी गोव्हनं मेरी लुईस श्यू नावाच्या बाईला कळवलं. त्या बाईनं पांघरुणं पाठवली, पैसे जमवले, शेवटपर्यंत सेवा केली. न्यूयॉर्कच्या बैठकांमधल्या बायकांनी पत्रांचा तमाशा केला, हे खरं. तसंच शेवटचं पांघरूण घातलं तेही बायकांनीच, हेही लक्षात ठेवायला हवं.

डिसेंबरमध्ये वर्तमानपत्रांनी छापलं, की पो आणि त्याची बायको उपासमारीत मरायला टेकलेत, मदत करा. अपमानाच्या यादीत आणखी एक भर. ३० जानेवारी १८४७ रोजी व्हर्जिनिया गेली. वय २४. सासूचं होतं तेवढंच.

आणि १७ फेब्रुवारीला पो खटला जिंकला! अवघ्या अठरा दिवसांनी. नुकसानभरपाई २२५ डॉलर आणि वर खटल्याचा खर्च. शत्रू हरला, कोर्टानं अब्रू परत दिली, पैसे आले. ज्या पैशांत दोन-चार चांगली पांघरुणं सहज आली असती, ते पैसे आले, पण पांघरायला कुणी राहिलं नव्हतं. असा उपरोध पोनंही कथेत लिहिला नसता.

म्हणून मला ती खोकल्याची जागा वाचवत नाही. एका हातानं तो माणूस शत्रूला चिणायला दगड रचतोय आणि कान मात्र शेजारच्या खाटेकडे आहेत. खोकल्यानं कुणी मरत नाही हे वाक्य त्यानं मरणाऱ्याच्या तोंडी घातलं. ते खोटं आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आई, बायको, सगळं त्या खोकल्यानंच नेलं. पोनं हे असं ठरवून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण घरात जे चालू असतं ते लिहिणाऱ्याच्या हातातून झिरपतंच, तळघराच्या भिंतीतून ओल झिरपते तसं.

आता कथेचा शेवट पुन्हा बघा. शेवटचा दगड बसवायच्या आधी मॉन्ट्रेसॉर आत हाक मारतो. उत्तर येत नाही, फक्त टोपीवरचे घुंगरू वाजतात. त्याच्या काळजात कळ येते आणि तो लगेच म्हणतो, की छे, ती तळघरातल्या दमट हवेमुळे. मग शेवटी कळतं, की हे सगळं घडून पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं त्या भिंतीला कुणी हात लावला नाही. म्हणजे तो पकडला गेला नाही, जिंकला. पण मग पन्नास वर्षांनी हे सगळं सांगतोय कशाला? दगडांचे किती थर झाले, साखळी कशी वाजली, घुंगरू किती वेळ वाजले, सगळं त्याला तोंडपाठ आहे. फॉर्च्युनाटो त्या रात्री मेला आणि सुटला. त्या तळघरातून बाहेर पडू शकला नाही तो मॉन्ट्रेसॉर. कथेतला सगळ्यात मोठा उपरोध मला हा वाटतो.

पोचं पुढचं आयुष्य अडीच-पावणेतीन वर्षांचं. १८४९ च्या उन्हाळ्यात तो रिचमंडला गेला. तिथे एल्मायरा होती, तीच, जिची पत्रं वडिलांनी अडवली होती. आता विधवा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये पोनं दारूबंदी मंडळात नाव घालून दारू सोडायची शपथ घेतली, आपल्याकडे माळ घालतात तशी. वाटलं, गाडी रुळावर आली. पण ३ ऑक्टोबरला तो बाल्टिमोरमध्ये एका दारूच्या गुत्त्याजवळ भ्रमिष्ट अवस्थेत सापडला, अंगावर दुसऱ्याच कुणाचे कपडे. ७ ऑक्टोबरला दवाखान्यात गेला. वय ४०. कशानं, ते आजही नक्की कळलेलं नाही.

त्याला पुरून एक दिवस होतो न होतो तोच न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात टोपणनावानं मृत्युलेख आला. हा माणूस गेला, फारसं कुणाला दुःख होणार नाही, अशा थाटाचा. लिहिणारा रूफस ग्रिसवोल्ड, पोचा जुना वैरी. आणि पुढे पोची पुस्तकं संपादित करायचं काम त्याच ग्रिसवोल्डकडे गेलं! १८५० साली त्यानं पोचं चरित्र लिहून त्याला दारुडा, नीच, माणूसघाणा ठरवलं. पोच्या पत्रांत स्वतःची वाक्यं घुसडली. ती लबाडी पुराव्यानिशी उघड झाली १९४१ साली. मेलेल्यावर घेतलेला हा सूड, साक्षीदार नसलेला, मॉन्ट्रेसॉरसारखाच. पण झालं काय? त्या बदनामीमुळे लोक पोला जास्तच वाचू लागले. आज पो जगभर वाचला जातो, आणि ग्रिसवोल्डचं नाव निघतं ते पोचा वैरी म्हणूनच.

पोच्या मृत्यूनंतर एका वर्षानं, १८५० साली, आपल्या बुलढाण्यात एक मुलगी जन्मली. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला आणि वर्तमानपत्रांनी तिच्या निमित्तानं सगळ्या बाईजातीवर चिखल उडवला. ताराबाई पेटून उठल्या. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून निघालं. त्यातही उपरोध आहे, धारदार, हसवता हसवता सोलणारा. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

ही दोन नावं मी एका लेखात का आणली? कारण राग दोघांनाही आला होता, तोही वर्तमानपत्रात छापून आलेल्या मजकुरामुळे. उपरोध दोघांचंही हत्यार होतं. पण मॉन्ट्रेसॉर आपला राग तळघरात नेतो, एकाच माणसावर खर्च करतो आणि अपमान काय होता ते सांगतही नाही. आमच्या बुलढाण्याच्या बाईनं राग चावडीवर आणला. नावानिशी, कारणांसकट, सगळ्यांसमोर. ताराबाईंच्या रागातून जे निघालं ते पुढच्या बायकांच्या उपयोगी पडलं. पोनंही खऱ्या आयुष्यात कुणाला चिणलं नाही, कागदावर चिणलं, आणि त्यातून एक कथा उरली. शहाणपण त्यातही आहेच.

मडी आत्या १८७१ साली बाल्टिमोरमध्ये गेली, ज्या इमारतीत पो गेला त्याच इमारतीत. व्हर्जिनियाला फोर्डहॅमला पुरलेलं होतं. १८८५ साली पोच्या जन्मदिवशी तिच्या अस्थी बाल्टिमोरला आणून नवऱ्याशेजारी ठेवल्या.

लेकीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ही कथा दिसली तर तुम्हीही तिच्याबरोबर वाचा. घुंगरू, थापी, साखळी सगळं समजावून सांगा. पण खोकल्याची ओळ आली की जरा थांबा, आणि तिला व्हर्जिनियाबद्दल सांगा.